पावसाळ्यात सायकलने गगनबावडा – करूळ – आंबोली : एकट्याने जमेल का?

चाकोरीबाहेर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं रोज ऑफिसला सायकलने जातोय, रविवारी पन्नास-साठ किमी होतात, दोनदा पन्हाळा चढून झालाय. आता ऑगस्टमध्ये पाच दिवस सुट्टी मिळतेय तर डोक्यात असं आहे, कोल्हापूर – गगनबावडा (५५ किमी), तिथून करूळ घाट उतरून वैभववाडी – तळेरे – कणकवली, मग सावंतवाडी, चौथ्या दिवशी आंबोली चढायची आणि पाचव्या दिवशी आजऱ्यावरून परत कोल्हापूर. सायकल साधी हायब्रिड आहे, तीन गुणिले सात गियर, रिम ब्रेक (चाकाच्या कडेला रबरी पॅड दाबणारे), ३५ चे टायर. मागे कॅरियर आहे, दोन पॅनियर (बाजूला लटकणाऱ्या बॅगा) लावणार. मित्र सगळे "हो हो" म्हणतात आणि आदल्या रात्री यांच्या मुलांना ताप येतो, त्यामुळे एकटाच जाणार असं धरून चाललोय.

प्रश्न असा की आंबोलीचा चढ सामान घेऊन जमेल का? बाकी कशाची फार भीती वाटत नाहीये, चढाचीच वाटतेय.

घाटमाथा
जमेल.

निवांत_नाना
ऑगस्ट कशाला? सप्टेंबरच्या शेवटी जा. धबधबे तेव्हाही असतात, रस्ता दिसतो, फुलं असतात, कपडे वाळतात. पाच दिवस ओल्या चड्डीत सायकल चालवून बघा मग कळेल मी काय म्हणतोय ते. हा अनुभव आहे, सल्ला नाही.

रंकाळा_९१
नाद खुळा भावा! जाच तू. गगनबावड्यापर्यंत रस्ता म्हणजे मख्खन, चढ जाणवत पण न्हाई. फकस्त एक बघ, नदीला पाणी असलं की मांडुकली, लोंघे, किरवे हितं रस्त्यावर पाणी येतंय आणि वाहतूक बंद. दरसाल हाय ते. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, तवा निघायच्या आदल्या दिवशी बातम्यांत तो आकडा बघ. ३७-३८ च्या वर गेला असंल तर घरात बसून भजी खा.

चाकोरीबाहेर
@रंकाळा_९१ हे भारी सांगितलंत, हे डोक्यातच नव्हतं.
@नाना सुट्टी ऑगस्टमध्येच मिळतेय हो, नाहीतर ऐकलं असतं.

स्पोक_आणि_हब
चढाचं गणित करून टाकूया म्हणजे भीती जाईल. सावंतवाडी समुद्रसपाटीपासून शंभरेक मीटरवर, आंबोली सातशेच्या आसपास. सुरुवातीचा रस्ता जवळपास सपाट, खरा घाट दाणोली सोडल्यावर. म्हणजे साधारण १०-१२ किमीत सहाशे मीटरच्या आतबाहेर चढ, सरासरी पाच-साडेपाच टक्के. हे काही भयंकर नाही. पन्हाळ्याचे काही तुकडे याहून खडे आहेत.

तुमच्या सायकलला पुढे सगळ्यात छोटी चकती २८ दात्यांची आणि मागे सगळ्यात मोठी २८ ची असणार (मोजून घ्या). म्हणजे पेडलचा एक फेरा = चाकाचा एक फेरा = सव्वादोन मीटरला थोडं कमी. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी पावणेआठ किमी. तुम्ही, सायकल, सामान मिळून ९० किलो धरले तर त्या वेगाला साधारण १२० वॅट लागतात. रोज ऑफिसला जाणाऱ्याला १२० वॅट दीड तास काढणं अवघड नाही. घाई करायची नाही, बास. फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा गठ्ठा) बदलून मागे ३२ किंवा ३४ चं टाकलंत तर गप्पा मारत चढाल. फक्त मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेतो तो) तेवढं घेतो का ते दुकानात विचारा, छोट्या पिंजऱ्याचा असेल तर नाही घेणार.

घाटमाथा
मी एका शब्दात हेच म्हणलो होतो.

स्पोक_आणि_हब
@घाटमाथा 😀

मुक्ता_के
मी हाच रूट उलटा केलाय, तीन वर्षांपूर्वी, आम्ही दोघी होतो. आजऱ्याकडून आंबोलीत आलो आणि घाट उतरलो सावंतवाडीला. आता विचाराल तर मी परत तसं नाही करणार. तुम्ही चढाला घाबरताय ना, मला वाटतं तुमचा प्रश्नच चुकलाय. पावसात चढ म्हणजे मजा असते, अंग गरम राहतं, वेग कमी, सगळं दिसतं, ऐकू येतं. त्रास उताराचा. आम्हाला आंबोली उतरायला जवळजवळ चढण्याएवढाच वेळ लागला, बोटं अशी आखडली होती की खाली चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला. त्यात धुकं, आणि मुख्य धबधब्यापाशी शनिवार-रविवारच्या गाड्या आडव्यातिडव्या, मध्येच कोणीतरी दार उघडतंय, कोणी रस्त्यात नाचतंय.

तेव्हा आंबोली चढताय हे उत्तम. पण तुमच्या प्लॅनमध्ये करूळ उतरायचा आहे, त्याचं काय?

मालवणी_माणूस
तेच म्हणतंय मी. काय ता सायकल घेवन करूळात पावसात उतरतंस? माझ्या मामाचा घर वैभववाडीक, लहानपणापासून बघतंय तो घाट. सगळे वळणार वळण. मधे कामासाठी बंद होतो २०२४ त, आता काँक्रीट केलो हा, पण दरडी येवक थांबल्यो नाय. काँक्रीटार पाणी इला की टायर सरकता. चढूक जा, उतरू नको.

पंक्चरवाला
डिस्क ब्रेकवाली सायकल घ्या, विषय संपला. रिम ब्रेक आणि कोकणातला पाऊस हे लग्न टिकत नाही.

स्पोक_आणि_हब
@पंक्चरवाला अर्धवट सहमत. रिम ओली असली की ब्रेक दाबल्यावर पहिले एक-दोन फेरे पॅड नुसतं पाणी पुसतो, मग पकडतो. हे माहीत असलं की माणूस आधीच दाबायला लागतो. खरा प्रॉब्लेम वेगळा आहे, रस्त्यावरची बारीक वाळू आणि चिखल उडून रिमवर बसतो आणि पॅड त्याच्यावर घासतो, म्हणजे सँडपेपरच. कोरड्या हवेत वर्षभर टिकणारे पॅड एका पावसाळी घाटात संपलेले मी बघितलेत. आणि डिस्कवाल्यांनी फार खूश होऊ नका, चिखलात रेझिनचे पॅडही तसेच जातात.

धागाकर्त्याने दोन जोड स्पेअर न्यावेत. दोन म्हणजे पुढचे आणि मागचे. शिवाय ५ ची ॲलन की.

सदाफुली७
मला सायकलमधलं काही कळत नाही पण ९० किलो सहाशे मीटर खाली येताना ती सगळी ताकद ब्रेकमध्येच जाते ना? म्हणजे चढताना जेवढा घाम गाळला तो उतरताना पॅडने गाळायचा?

स्पोक_आणि_हब
@सदाफुली७ ताई, सायकलमधलं काही कळत नाही म्हणून एका वाक्यात सगळं सांगितलंत. थोडी हवेत जाते, पण पावसात आपण हळू उतरतो त्यामुळे हवा फार काही खात नाही, बाकी सगळं पॅड आणि रिमवर. पाच लाख ज्यूलच्या घरात.

निवांत_नाना
पाच लाख म्हणल्यावर आमच्या वेळी त्यात फ्लॅट यायचा.

ऑडॅक्स_काका
रेनकोटबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. सायकलवर रेनकोट घालू नका. चढावर दहा मिनिटांत आतून घामाने जास्त भिजता, आणि उतारावर तो घाम गार पडतो. मी आता साधी पातळ विंडचीटर ठेवतो, ती फक्त उतारासाठी आणि थांबल्यावर. भिजणार हे मान्य करायचं. महत्त्वाचं काय, तर मुक्कामाला घालायचे कपडे कोरडे राहिले पाहिजेत. ते पॅनियर वॉटरप्रूफ आहे असं दुकानदार म्हणाला तरी आतून जाड प्लास्टिकची पिशवी, तोंड पिळून गाठ. आणि रात्री बुटात वर्तमानपत्र कोंबून ठेवायचं, झोपायच्या आधी एकदा बदलायचं.

मडगार्ड आहे का सायकलला? नसेल तर लावा, नाहीतर पाठीवर मोर काढलेला दिसतो.

मालवणी_माणूस
रेनकोट नको तर इरला घेवन जा. डोक्यार इरला, खाली सायकल. वाऱ्यान थेट गोव्याक पोचशीत.

मुक्ता_के
@मालवणी_माणूस 😂😂 हे चित्र डोक्यातून जाणार नाही आता.

पंक्चरवाला
चेनला काय लावणार? शिलाई मशीनचं तेल लावू नका पावसात, तासाभरात धुऊन जातं आणि मग चेन चिमणीसारखी चिवचिवते. पावसाळी जाड ल्यूब मिळतं ते लावा आणि रोज संध्याकाळी पुसून परत.

जांभा_दगड
थोडं अवांतर करतो, माफी. या रूटवर पाऊस कसा बदलतो ते अंगावर घ्यायला मिळतं, गाडीतून ते कळत नाही. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १००० मिमी पाऊस. गगनबावडा फक्त ५५ किमी पश्चिमेला, पण तिथे त्याच्या पाचपट तरी. म्हणजे तुम्ही सकाळी उसाच्या शेतातून निघता, कळे गावाच्या पुढे भात लागतो, असळजच्या पुढे छपरांवर प्लास्टिक दिसायला लागतं, आणि कधीतरी लक्षात येतं की अर्धा तास झाला चष्मा पुसतोय. आंबोली तर सात हजार मिमीच्या वर. अरबी समुद्रावरून आलेल्या वाऱ्याला तिथे पहिली भिंत लागते, वर चढावं लागतं, गार होतो, सगळं तिथेच ओततो.

आणि धबधबे असे पायऱ्यापायऱ्यांनी का पडतात तर लाव्हाचे थर एकावर एक बसलेत, एक कठीण, एक ठिसूळ. ठिसूळ झिजतो, कठीण पुढे राहतो, पाणी उडी मारतं. नापणे बघून घ्या, वैभववाडीपासून वाट फार वाकडी करावी लागत नाही, तो बारमाही आहे. आंबोलीत नांगरतासला थांबा, आजऱ्याच्या रस्त्यालाच आहे, पाणी एका अरुंद घळीत कोसळतं, आवाज पायातून येतो. मुख्य धबधब्याची गर्दी बघण्यापेक्षा हे बरं.

कावळेसादला गेलात तर वारा असेल तेव्हा जा, पाणी खाली पडायच्या ऐवजी वर उडून तोंडावर येतं. सायकल कड्यापासून लांब आडवी ठेवा, स्टँडवर उभी ठेवू नका, माझी पडली होती.

सदाफुली७
धबधब्याच्या पाण्यात उतरण्याबद्दल एक. एकटे असाल तर उतरूच नका. २०२४ च्या जूनमध्ये लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागे एका कुटुंबातले पाच जण डोळ्यांदेखत वाहून गेले, वरून अचानक लोंढा आला. आमचे गावाकडचे लोक सांगतात की पाणी अचानक गढूळ झालं, पानं-काटक्या यायला लागल्या, आवाज जड झाला, की बघत उभं राहायचं नाही, सामान सोडून बाजूला वर चढायचं.

रंकाळा_९१
जनावरांचं पण बघ भावा. गगनबावडा काय, राधानगरी-दाजीपूर काय, आंबोली काय, गवे हायेत. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठ. गवा रस्त्यात उभा असला तर घंटी वाजवू नको, लाईट तोंडावर मारू नको, लांब थांब, त्याला जाऊ दे. त्याला काय ऑफिस न्हाई, पर तो जातोय. आजरा-चंदगडकडं हत्ती पण हाय, गावात विचारून पुढं जा.

पंक्चरवाला
गव्यापेक्षा कुत्री. मी गव्याला बघून कधी ३५ च्या स्पीडने पळालो नाही.

ऑडॅक्स_काका
कुत्रं मागे लागलं की उतरायचं आणि सायकल मध्ये धरायची. पळणाऱ्या चाकाचा राग असतो त्याला, तुमचा नाही. आजपर्यंत दहातले नऊ गप्प झालेत.

पंक्चरवाला
@काका आणि दहावा?

ऑडॅक्स_काका
पाच इंजेक्शनं.

नवखा_पेडलर
जळवा असतात का? मला त्याचीच किळस येते बाकी काही नाही.

जांभा_दगड
रस्त्यावर सायकल चालवताना नाही लागत, पानाफुलात, गवतात, धबधब्याकडे पायवाटेने गेलात की लागतात. मीठ किंवा तंबाखू लावली की सोडते. ओढू नका. रक्त थोडा वेळ थांबत नाही, घाबरायचं नाही.

मुक्ता_के
एकट्याने जाण्याबद्दल मूळ प्रश्न होता त्यावर. जा. पण रोज दोन वेळा घरी कळवायचं ठरवून ठेवा, वेळ ठरवून, कारण घाटात रेंज जाते आणि घरचे उगाच काळजीत पडतात. आम्ही "खाली पोचल्यावर फोन" असं सांगितलं होतं आणि खाली पोचायला दोन तास जास्त लागले, तेवढ्यात आईने सावंतवाडीच्या लांबच्या नातेवाईकांना कामाला लावलं होतं, ते काका स्कूटरवर घाट चढून आम्हाला शोधायला आले. वरून रागावले पण नाहीत, घरी नेऊन सोलकढी-भात वाढला. तेव्हापासून मी त्या काकांना दर दिवाळीला फोन करते.

आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू. धुक्यात तुम्ही ट्रकवाल्याला दहा फुटांवर दिसता.

निवांत_नाना
करूळचं ठरलं का मग? की सगळे सल्ले ऐकून साहेब ऑफिसलाच निघाले?

चाकोरीबाहेर
नाना, ठरलं. रूट तोच ठेवतोय कारण सुट्टी आणि गाडीची सोय तशीच बसतेय. फ्रीव्हील ३२ चं टाकलं, डिरेलरने घेतलं. मडगार्ड लावले. ब्रेक पॅड दोन जोड घेतले. शनिवारी पहाटे निघतोय, आज पंचगंगा २८ फूट आहे.

मालवणी_माणूस
ऐकूचा नाय ता नाय. बरा. हळू उतर.

चाकोरीबाहेर (आठ दिवसांनी)
आलो परत! सगळ्यांना उत्तर देतो, लांब होईल, चहा घेऊन बसा.

पहिला दिवस मस्त. जांभा_दगड म्हणाले तसंच झालं, असळजच्या पुढे चष्मा. गगनबावड्यात मुक्काम केला. रात्रभर पत्र्यावर पाऊस असा की शेजारच्या खोलीतला माणूस घोरतोय का नाही तेही कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला करूळ उतरायला घेतला. धुकं, समोर तीन-चार डांबे दिसत होते रस्त्याकडेचे, त्याच्या पुढे पांढरं. पहिली काही वळणं छान गेली. दोन्ही ब्रेक आलटून पालटून. मग एका वळणाच्या आधी पुढचा लिव्हर दाबला तर तो हँडलला जाऊन टेकला. म्हणजे पूर्ण. बोटं चेपली मधे. मागचा दाबला, त्याने कसाबसा वेग कमी केला आणि त्यातून खर्रर्र असा आवाज, दगडावर विळा घासल्यासारखा. वळणात आत न जाता सरळ डोंगराच्या बाजूच्या गटाराकडे घेतली आणि पाय टेकवून थांबलो. पाय थरथरत होते, खोटं का बोलू. रिमवरून करडं-काळं पाणी गळत होतं, शिशाच्या पेन्सिलचं पाणी असतं तसं, आणि पुढच्या पॅडमध्ये रबर उरलंच नव्हतं, आतला धातू दिसत होता.

आता ऐका. स्पेअर पॅड होते ना? होते. पॅनियरच्या एकदम तळाशी. काकांच्या सल्ल्याप्रमाणे गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, कोरड्या कपड्यांच्या खाली. म्हणजे पॅड काढायला भर पावसात सगळे कोरडे कपडे बाहेर. ॲलन की वेगळ्या पिशवीत. बोटं सुन्न. पहिला पॅड उलटा बसवला, परत काढला. तेवढ्यात वरून एसटी आली, ड्रायव्हरने लाईट मारला, थांबला, खिडकीतून विचारलं "काय झालं रे?" मी म्हणलं ब्रेक. तो म्हणाला "मग चालत जा की." आणि कंडक्टरने आतून एक मोठी प्लास्टिकची पिशवी फेकली, कपड्यांवर टाकायला. गेले. त्यांचं नाव-गाव काहीच माहीत नाही.

पॅड बसले, पण पुढचे दोनेक किमी मी चालतच गेलो. मालवणी_माणूस, तुझं ऐकायला हवं होतं. वैभववाडीत पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते.

आणि आंबोली? त्याबद्दल सांगायला काही नाहीच हो. ३२ चं फ्रीव्हील, एक तास पन्नास मिनिटं, मधे दोनदा थांबलो ते फोटोला. एका वळणावर रस्त्यात हिरवा बारका साप आडवा होता, त्याला जाऊ दिलं. वर पोचलो तेव्हा मला वाटलं अजून घाट यायचाय. ज्याची भीती म्हणून धागा काढला तो चढ संपलेला कळला पण नाही.

नांगरतासला आवाज खरंच पायातून येतो.

घाटमाथा
म्हणलो होतो जमेल.

मालवणी_माणूस
मामाक सांगितलंय तुझा. तो म्हणता पुढच्या खेपेक फोन कर, टेम्पोत घालून वर सोडतो, मग कितीय चढ.

ऑडॅक्स_काका
चूक माझी. पिशवी सांगितली, ब्रेक पॅड आणि हत्यारं हँडलच्या पुढच्या बॅगेत ठेवा हे सांगायचं राहिलं. इतकी वर्षं तिथेच ठेवतोय त्यामुळे ते सांगायची गोष्ट आहे असं वाटलंच नाही.

सदाफुली७
त्या कंडक्टरची पिशवी जपून ठेवलीय का?

चाकोरीबाहेर
@सदाफुली७ ठेवलीय. त्यावर कुठल्यातरी साडीच्या दुकानाची जाहिरात आहे. आता त्यात ब्रेक पॅड असतात.

नवखा_पेडलर
मी पुढच्या महिन्यात फोंडा घाट उतरून कणकवलीला जायचं म्हणतोय दाजीपूरकडून. २१ गियर, रिम ब्रेक. चढ काही नाहीये त्यामुळे सोपं जाईल ना?

मुक्ता_के
@नवखा_पेडलर वरपासून वाच रे बाबा.